बाया येत नाहीत, की बोलावणं जात नाही?

आंजी (मोठी) परिसरातल्या बायांसाठी गर्भाशयमुखाच्या कॅन्सर तपासणीवर प्रश्नावली तयार करायला बसलात, तर न येण्याचं पहिलं कारण तुम्ही 'लाज वाटते' हेच लिहाल. मीही तेच लिहिलं होतं. मग जुने पेपर काढले.

1999 मध्ये उस्मानाबाद जिल्ह्यात (आताचं धाराशिव) मोठी चाचणी सुरू झाली. मदतीला बार्शीचं नर्गिस दत्त कॅन्सर हॉस्पिटल होतं. 30 ते 59 वयाच्या 1,31,746 स्त्रिया, खेड्यातल्याच. ज्यांना तपासणीला बोलावलं, त्यातल्या दर 100 पैकी जवळपास 80 जणी आल्या! लाज काय मराठवाड्यात कमी असते? नाही. तिथे कार्यकर्त्या घरी जाऊन समजावत होत्या आणि तपासणारी नर्सबाई गावाजवळच होती. त्याआधी, 1998 पासून, मुंबईच्या झोपडपट्ट्यांत टाटा मेमोरियलने दहावी शिकलेल्या बायांनाच तपासणीचं प्रशिक्षण दिलं होतं. (दोन्हीकडे तुलनेच्या गटाची तपासणी केली नव्हती. त्यावरून पुढे बराच वाद झाला, तोही वाचा.)

आता 2019-21 चं राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण बघा: देशात 30 ते 49 वयाच्या जेमतेम 1.9 टक्के स्त्रियांनी ही तपासणी कधी केलेली. चाचणी आणि सर्वेक्षण यांची थेट तुलना मात्र करू नका, गाईड तिथेच पकडतील.

मी प्रश्नावली बदलली. 'का आला नाहीत?' हा प्रश्न खाली गेला. वर आले दोन: 'तुम्हाला कोणी बोलावलं होतं का?' आणि 'तो दिवस कापूस वेचणीचा होता का?'