बिरड्याचा सण

ज्यू पंचांगात आव महिन्याची नवमी हा सर्वांत मोठा शोकदिन. यरुशलेमचे पहिले मंदिर बाबिलोनी सैन्याने इ.स.पू. ५८६ मध्ये आणि दुसरे रोमनांनी इ.स. ७० मध्ये उद्ध्वस्त केले. दोन्हींचा शोक या एकाच तिथीला केला जातो. सूर्यास्तापासून दुसऱ्या दिवशी रात्र पडेपर्यंत अन्नपाणी वर्ज्य, पायांत चामडे नाही, अभिवादन नाही. जमिनीवर बसून विलापगीत वाचायचे.

कोकणातल्या बेने इस्रायलांनी या दिवसाला म्हटले ‘बिरड्याचा सण’. हाईम सॅम्युएल केहिमकर यांनी १८९७ मध्ये लिहून पूर्ण केलेल्या, १९३७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या समाजाच्या इतिहासात नव्याचा सण, खिरीचा सण यांच्यासोबत हे नावही नोंदवले आहे.

शोकदिनाला स्वयंपाकघरातले नाव का? ज्यू रिवाजात उपवासापूर्वीचे जेवण अगदी साधे असते, मांस-मद्याविना. इतरत्र मसूर आणि अंडे हे शोकाचे अन्न मानतात. कोकणात ती जागा वालाने घेतली असावी, असे मला वाटते. वाल भिजवा, मोड आणा, एकेक दाणा सोला. म्हणजे तिथी घरातल्या बाईला दोन दिवस आधीच ठाऊक हवी.

पण एक पेच उरतो. परंपरेनुसार यांचे पूर्वज नवगावजवळ गलबत फुटून किनाऱ्याला लागले, तेही दुसरे मंदिर पडण्यापूर्वी. धर्मग्रंथ समुद्रात गेले. मग हा शोक कोणाचा? पहिल्या मंदिरासाठी पाचव्या महिन्यात उपवास होत असे, हे जखऱ्याच्या ग्रंथात आहेच. तीच आठवण टिकली असेल किंवा समाजात ज्यांचे नाव आदराने घेतात त्या दाविद राहाबींसारख्या शिक्षकांनी हा दिवस नंतर शिकवला असेल. नावावरून उगम सिद्ध होत नाही. मात्र विधी कोठूनही आलेला असो, तो मराठी घरात मुरला, एवढे हे नाव निश्चित सांगते.

पुढे जोसेफ इझिकेल राजपूरकर (१८३४–१९०५) यांनी हिब्रू प्रार्थना मराठीत आणल्या. आमच्या मुलुंडशेजारी ठाण्यात १८७९ मध्ये शार हाशामाईम सिनेगॉग उभे राहिले. ग्रंथ आले तसे दिवसाचे हिब्रू नाव ‘तिशा बेआव’ रुळले. १९४८ नंतर बहुतेक कुटुंबे इस्रायलला गेली.

२०२५ मध्ये हा दिवस ३ ऑगस्टला, श्रावण शुद्ध नवमीला आला. श्रावणात आपल्याही अनेक घरांत बिरडे शिजते. एका पातेल्यात दोन हजार वर्षांचा शोक मावला होता, हे त्या नावाखेरीज कशातून कळले असते?