४४,१०० : घड्याळ कुणाचं?

सीडीवरून उतरवलेल्या कुठल्याही गाण्याच्या वेव्ह फाइलची माहिती उघडून बघा. तिथे एक आकडा दिसेल, ४४,१००. म्हणजे दर सेकंदाला आवाज इतक्या वेळा मोजलाय. माणसाच्या कानाला साधारण २० किलोहर्ट्झपर्यंत ऐकू येतं, आणि ते पकडायला त्याच्या दुपटीहून जास्त वेळा मोजावं लागतं, इथवर ठीक. पण मग सरळ ४२,००० का नाही? ४५,००० का नाही? वर हे चिल्लर शंभर कशाला?

उत्तर टीव्हीत आहे.

सत्तरच्या दशकात आवाज आकड्यांत बदलता येत होता, पण ठेवायचा कुठे? १६ बिट, दोन चॅनेल, म्हणजे सेकंदाला १४,११,२०० बिट. त्या काळच्या हार्ड डिस्कला हे परवडणारं नव्हतं. इतक्या वेगानं लिहू शकणारं, स्टुडिओत सहज मिळणारं एक यंत्र मात्र होतं, व्हिडिओ रेकॉर्डर. मग आकड्यांचंच चित्र काढायचं! काळे-पांढरे ठिपके, आणि ते चित्र व्हिडिओ टेपवर. सोनीनं १९७७ मध्ये घरगुती वापरासाठी पीसीएम-१ आणि १९७८ मध्ये स्टुडिओसाठी पीसीएम-१६०० काढला तो याच युक्तीवर. दुसरा यू-मॅटिक टेपवर चालायचा.

आता हिशेब बघा. चित्राच्या एका रेषेत प्रत्येक चॅनेलची ३ सॅम्पल बसवली. अमेरिका-जपानच्या पद्धतीत सेकंदाला ६० फील्ड आणि प्रत्येकात वापरता येण्याजोग्या २४५ रेषा: ६० × २४५ × ३ = ४४,१००. युरोपात (आणि आपल्याकडेही) ५० फील्ड, प्रत्येकात २९४ रेषा: ५० × २९४ × ३ = ४४,१००. दोन्हीकडे जमणारा आकडा! १९८२ मध्ये सीडी बाजारात आली तेव्हा कारखान्यात जाणारी मास्टर टेप हीच यू-मॅटिक असायची, त्यामुळे सीडीलाही तोच आकडा चिकटला.

गंमत इथे संपत नाही. अमेरिकेत १९५३ साली रंगीत टीव्ही आला तेव्हा रंगाचा सिग्नल आणि आवाजाचा सिग्नल एकमेकांत लुडबुड करू नयेत म्हणून फील्डचा वेग हजारांश भागाहून किंचित कमी केला. ६० चे ५९.९४ झाले. त्या घड्याळावर चालणाऱ्या ऑडिओ यंत्राचे ४४,१०० होतात ४४,०५६. हा आकडा लक्षात ठेवा, परत लागेल.

म्हणजे स्टुडिओतलं पहिलं डिजिटल घड्याळ ऑडिओचं नव्हतंच, ते व्हिडिओकडून उसनं घेतलेलं होतं. एकच यंत्र असेपर्यंत चाललं. दोन डिजिटल यंत्रं जोडायची वेळ आली की खरा तंटा सुरू होतो. प्रत्येकात स्वतःचा क्वार्ट्झ स्फटिक, आणि कुठलेही दोन स्फटिक हुबेहूब एका वेगानं धडधडत नाहीत. स्टुडिओतल्या नेहमीच्या दर्जासाठी मानकात दहा लाखांत १० इतकी चूक माफ आहे. एक यंत्र तेवढं पुढे आणि दुसरं तेवढं मागे असेल, तर ४८,००० च्या दरानं सेकंदाला जवळजवळ एक सॅम्पल जास्त किंवा कमी पडतं. दोन्ही यंत्रं अगदी नियमात, आणि तरी रेकॉर्डिंगमध्ये दर सेकंदाला टक्, टक्!

इथे आपल्या जमातीची पहिली प्रतिक्रिया ठरलेली: बफर टाक. टाका की. एकीकडून सेकंदाला एक थेंब जास्त येत असेल तर हंडा कितीही मोठा घ्या, कधीतरी भरणारच. शिवाय गाणाऱ्याला स्वतःचा आवाज हेडफोनमध्ये उशिरा ऐकू येईल तो वेगळाच ताप. लेस्ली लॅम्पोर्टनं १९७८ च्या लेखात दाखवलं, की घटनांचा क्रम लावायला खऱ्या घड्याळाची गरजच नाही. सुंदर कल्पना, पण इथे निरुपयोगी. स्पीकरच्या पडद्याला पुढचं सॅम्पल *कधी* हेच हवं असतं.

म्हणून स्टुडिओत लोकशाही चालत नाही. एक यंत्र मास्टर, त्याचं क्लॉक 'इंटर्नल'वर. बाकी सगळ्यांचं 'एक्स्टर्नल'वर. सोनीच्या जुन्या जोडणीत डावा, उजवा आणि वर्ड क्लॉक अशा तीन केबली असायच्या. १९८५ च्या एईएस३ मानकानं आकडे आणि ठोका एकाच तारेत गुंफले. सोय झाली खरी, पण यंत्रं एकापुढे एक जोडली की शेवटच्याचा ठोका तितकाच डळमळीत. १९९१ च्या एईएस११ मध्ये मग सगळ्यांना एकच संदर्भ सिग्नल द्या असं रीतसर सांगितलं गेलं.

हे घरच्या स्टुडिओत करायचं तर ७५ ओहमची केबल, बीएनसी कनेक्टर आणि साखळीतल्या शेवटच्या यंत्रावर ७५ ओहमचं टर्मिनेशन (हे विसरलं की सिग्नल टोकाला आपटून परत येतो). दोन मास्टर ठेवू नका, गोल चक्करही करू नका. आणि एकच ऑडिओ इंटरफेस असेल तर महागडं मास्टर क्लॉक घेऊ नका, दुकानदार काहीही म्हणो. आतल्या स्फटिकाचा ठोका बाहेरून आणलेल्या ठोक्यापेक्षा बहुतेक वेळा स्वच्छच असतो.

पुढे केबलींची जागा नेटवर्कनं घेतली. सिडनीची ऑडिनेट २००६ साली सुरू झाली, २०१३ मध्ये एईएस६७ आलं. त्यात यंत्रंच आपापसांत निवडणूक घेऊन मास्टर ठरवतात. (लीडर इलेक्शन! ओळखीचं वाटलं ना?)

आता ते ४४,०५६. सोनीचा पीसीएम-एफ१ १९८१ मध्ये आला. उचलून नेता येण्याजोगा, स्टुडिओच्या यंत्रांपेक्षा पुष्कळ स्वस्त, त्यामुळे मैफिली टिपायला पुष्कळांनी वापरला. आणि अमेरिका-जपानच्या पद्धतीचा एफ१ ४४,०५६ वर चालायचा. अशा टेपमधले आकडे आज डिजिटल तारेतून जसेच्या तसे फाइलमध्ये उतरवले तर एकही बिट हरवत नाही. पण फाइलच्या डोक्यावर सॉफ्टवेअर लिहितं ४४,१००. झालं! तासाभराची मैफल ३.६ सेकंद आधी संपते, सूर १.७ सेंटनं चढतो. एकट्यानं ऐकलं तर बहुतेक कुणाच्या लक्षात येणार नाही. पण बरोबर उतरवलेली प्रत शेजारी वाजवा, ४४० हर्ट्झच्या सुरावर साधारण सव्वादोन सेकंदांनी एक हेलकावा ऐकू येईल, न जुळलेल्या तंबोऱ्यासारखा.

चेकसम बरोबर, गाणं चूक! आपल्या धंद्यात चेकसम जुळला की आपण निवांत झोपतो. इथे आकड्यांमधला वेळ आकड्यांत कुठेच लिहिलेला नव्हता, तो त्या रेकॉर्डरच्या घड्याळात होता, आणि असे रेकॉर्डर एकेक करून भंगारात जातायत. तुमच्या ओळखीत कुणाकडे अशा टेपा असतील तर उतरवताना एवढं करायला सांगा: फाइलला खरा ४४,०५६ चा दर लावा, ४४,१०० हवेच असतील तर त्यानंतर रीतसर रूपांतर करा, आणि यंत्राचं मॉडेल व ते ६० चं होतं, ५९.९४ चं की ५० चं, हे डब्यावर पेननं लिहून ठेवा.