शोभेचा वृक्ष आणि वडाचे गाव



ज्या नगराचे नावच वडाच्या झाडाशी जोडलेले आहे, त्या नगरात वृक्षनिवडीच्या इतिहासाचा विचार व्हावा, हे उचितच होय. इ. स. ८१२ मधील राष्ट्रकूट कर्कराजाच्या ताम्रपटात या गावाचा उल्लेख ‘वडपद्रक’ असा येतो. त्याचेच पुढे वडोदरा झाले आणि आपल्या मराठी तोंडी ते बडोदे म्हणून रुळले.

मार्गाच्या कडेला झाड कशासाठी लावावे, या प्रश्नाचे एक प्राचीन उत्तर सम्राट अशोकाच्या सातव्या स्तंभलेखात मिळते. माणसांना आणि जनावरांना सावली मिळावी म्हणून आपण वड लावविले, असे तो तेथे सांगतो. सहाव्या शतकातील वराहमिहिराने ‘बृहत्संहिते’त वृक्षायुर्वेदाला स्वतंत्र अध्याय दिला. दोन झाडांत वीस हात अंतर उत्तम, सोळा हात मध्यम आणि बारा हात किमान, असे त्याचे माप आहे. एकमेकांना भिडलेली आणि मुळे गुंतलेली झाडे पीडित होतात व नीट फळत नाहीत, हे कारणही तो देतो. झाड आज केवढे दिसते यापेक्षा ते उद्या केवढे होणार, हे आधी पाहावे, असा या नियमाचा आशय आहे.

आधुनिक बडोद्यात या विचाराला नवे वळण मिळाले. विश्वामित्रीच्या काठी १८७९ साली कमाटीबाग, म्हणजेच आजचे सयाजीबाग, साकारले. लक्ष्मीविलास राजवाडा १८९० मध्ये पूर्ण झाला. त्याच्या उद्यानाच्या आखणीसाठी लंडनच्या क्यू उद्यानात काम केलेले विल्यम गोल्डरिंग आले. त्यांच्यामागून १८९३ साली क्यूमध्येच अनुभव घेतलेले जर्मन उद्यानतज्ज्ञ गुस्ताव क्रुंबिगेल हे महाराजा सयाजीराव गायकवाडांच्या सेवेत रुजू झाले. येथील अनुभव गाठीशी बांधून १९०८ साली ते म्हैसूर संस्थानात गेले आणि बंगळूरच्या लालबागेची धुरा त्यांनी सांभाळली.

बंगळूरच्या रस्त्यांसाठी क्रुंबिगेल यांनी अवलंबिलेले सूत्र सोपे होते. एका जातीचा बहर ओसरत असताना दुसरीचा सुरू व्हावा आणि वर्षाच्या बहुतेक काळात कोणते ना कोणते झाड फुललेले असावे. त्यासाठी त्यांनी देशी वृक्षांच्या जोडीला दक्षिण अमेरिकेतील जॅकरंडा आणि टॅबेबुया यांसारखे वृक्षही वापरले. शोभेची अशी बारमाही योजना करायची, तर प्रत्येक जातीचा स्वभाव आणि ऋतू ठाऊक असावाच लागतो.

येथे देशी-परदेशी हा वाद उपस्थित होतो. गुलमोहर मादागास्करचा आणि पर्जन्यवृक्ष अमेरिकेतील उष्ण प्रदेशाचा. दोन्ही आपल्याकडे इतके रुळले आहेत की त्यांना कोणी परके मानीत नाही. तथापि गुलमोहराची मुळे उथळ आणि लाकूड ठिसूळ. मोकळ्या मैदानाच्या कडेला तो शोभतो, परंतु वर्दळीच्या अरुंद रस्त्यावर वादळवाऱ्यात तो धोक्याचा ठरतो. पर्जन्यवृक्षाचा विस्तार रुंद राजमार्गाला साजेसा असतो. गल्लीत लावल्यास करवतीखाली त्याचे हाल होतात. दोष झाडाचा नसतो, जागेची पारख न करणाऱ्याचा असतो.

याचे अलीकडचे उदाहरण गुजरातेतच घडले. झपाट्याने वाढतो आणि बाराही महिने हिरवा राहतो, एवढ्यावर भुलून गेल्या काही वर्षांत कोनोकार्पस हा परदेशी वृक्ष शहरोशहरी दुभाजकांवर व कुंपणांलगत लावला गेला. त्याच्या परागकणांमुळे सर्दी, खोकला व दमा बळावतो आणि त्याची मुळे भूमिगत तारा व गटारे यांना उपद्रव देतात, अशी कारणे देऊन राज्य शासनाने सप्टेंबर २०२३ मध्ये त्याच्या लागवडीवर बंदी घातली. एक-दोन वर्षांत मिळालेल्या हिरवाईची किंमत अशी मागाहून मोजावी लागली.

या साऱ्या इतिहासातून निवडीचा एक क्रम हाती येतो. प्रथम जागा पाहावी: डोक्यावरून तारा जातात का, पायाखाली नळ आहेत का, भिंत किती दूर आहे. मग माती आणि पाणी पाहावे. नदीकाठच्या ओलीत अर्जुन, जांभूळ, करंज तग धरतात, तर कोरड्या जागी कडुनिंब टिकतो. त्यानंतर सावलीचा विचार करावा. फुलांची शोभा या क्रमात शेवटी येते, परंतु ती दुर्लक्षिली जात नाही. वसंतात कांचन, वैशाखात बहावा, त्यामागून तामण, पावसाळ्यात कदंब आणि शरदाच्या अखेरीस देवकांचन, अशी बहरांची मालिका आपल्याच भूमीतील वृक्षांतून गुंफता येते.

मग वडाचे काय? अरुंद पदपथावर त्याला जागा नाही, हे मान्य करावेच लागेल. म्हणूनच शाळांची मैदाने, तलावांचे काठ आणि देवळांची आवारे यांवर त्याचा पहिला हक्क आहे. तेथेही आपण त्याला नाकारले, तर वडाच्या गावात वड केवळ नावापुरता उरेल. झाड लावणाऱ्याला त्याची पूर्ण सावली क्वचितच लाभते. ती पुढच्या पिढ्यांच्या वाट्याला येते. शाळेच्या कार्याचेही तसेच असते. म्हणून माजी विद्यार्थ्यांनी शाळेला वृक्ष अर्पण करताना रोपाच्या आजच्या देखणेपणावर न भुलता, पन्नास वर्षांनी त्याखाली किती मुले बसू शकतील, हा हिशेब आधी करावा, एवढीच विनंती आहे.