परदेश प्रवासात औषधांच्या वेळा कशा सांभाळाव्यात?

अमेरिकेला किंवा इंग्लंडला मुलांकडे जाणारे पालक निघण्यापूर्वी हमखास विचारतात, "रात्री ९ ची गोळी तिकडे किती वाजता घ्यायची?" थोडक्यात उत्तर असे: घड्याळात किती वाजले यापेक्षा आधीच्या डोसला किती तास झाले हे मोजा. दोन डोसमधले अंतर औषधाचा परिणाम किती तास टिकतो यावर ठरलेले असते.

वेळेचा फरक किती असतो?

भारतात वर्षभर एकच वेळ चालते. अमेरिकेच्या बहुतेक भागात आणि इंग्लंडमध्ये उन्हाळ्यात घड्याळ एक तास पुढे करतात. त्यामुळे न्यूयॉर्क हिवाळ्यात भारताच्या साडेदहा तास मागे असते, तर उन्हाळ्यात साडेनऊ तास. लंडन हिवाळ्यात साडेपाच आणि उन्हाळ्यात साडेचार तास मागे असते. तिथे असतानाच घड्याळ एक तासाने बदलले, तर बहुतेक औषधांच्या बाबतीत काही करावे लागत नाही.

मोबाइलच्या अलार्मवर विसंबू नका

विमानातून उतरल्यावर मोबाइल आपोआप तिथली वेळ दाखवतो आणि ९ चा अलार्म तिथल्या रात्री ९ ला वाजतो. जुलैमध्ये न्यूयॉर्कला गेलात, तर तोपर्यंत आधीच्या गोळीला २४ नव्हे, साडेतेहतीस तास झालेले असतात. ग्लुकोमीटरची वेळ मात्र सहसा हाताने बदलावी लागते. नाहीतर साखरेच्या नोंदींचा गोंधळ होतो.

दिवसातून एकदा घ्यायची गोळी

भारतातले रात्रीचे ९ म्हणजे उन्हाळ्यात न्यूयॉर्कचे सकाळचे साडेअकरा. पहिल्या दिवशी साडेअकराला, दुसऱ्या दिवशी साडेनऊला आणि तिसऱ्या दिवशी ८ ला गोळी घेतली, की सकाळी ८ ही सोयीची वेळ ठरते. बीपीच्या बहुतेक गोळ्यांसाठी ही पद्धत चालते. थायरॉइडचे औषध शरीरात बरेच दिवस टिकते. ते पोहोचल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळपासून नेहमीप्रमाणे उपाशीपोटी सुरू करा.

दिवसातून दोनदा घ्यायची गोळी

सकाळी ८ आणि रात्री ८ ची गोळी न्यूयॉर्कला उन्हाळ्यात रात्री साडेदहा आणि सकाळी साडेदहाला येते. म्हणजे १२ तासांचे अंतर तसेच राहते. मात्र सकाळच्या आणि रात्रीच्या गोळ्या वेगवेगळ्या असतील, तर त्यांची अदलाबदल होऊ देऊ नका. लघवी वाढवणारी गोळी रात्री घेतली, तर झोपमोड होते आणि अंधारात पडण्याचा धोका वाढतो.

या औषधांचे वेळापत्रक डॉक्टरांकडून लिहून घ्या

• इन्सुलिन: पश्चिमेला जाताना दिवस लांबतो आणि दोन डोसमधले अंतर वाढते. भारतात परतताना दिवस आखडतो. तेव्हा दीर्घकाळ काम करणारे इन्सुलिन इथल्या घड्याळाप्रमाणे पूर्ण घेतले, तर आधीच्या डोसचा परिणाम शिल्लक असतो आणि साखर धोकादायकरीत्या उतरू शकते. डोस स्वतःहून बदलू नका.
• साखर कमी करणारी ग्लिमेपिराइडसारखी गोळी: विमानात जेवण समोर आल्याशिवाय घेऊ नका.
• फिट येऊ नये म्हणून घेतलेली, रक्त पातळ करणारी आणि पार्किन्सनची औषधे: यांचा डोस चुकवणे महागात पडू शकते.

घाम, थरथर, अचानक भूक किंवा गोंधळल्यासारखे वाटले, तर लगेच ३ चमचे साखर पाण्यातून घ्या आणि १५ मिनिटांनी साखर तपासा. रुग्ण बेशुद्ध असेल तर तोंडातून काहीही देऊ नका. तातडीने वैद्यकीय मदत बोलवा.

निघण्यापूर्वी

• दोन-तीन आठवडे आधी विमानाच्या वेळा घेऊन डॉक्टरांना भेटा.
• प्रत्येक डोससाठी भारतातली आणि तिथली, अशा दोन्ही वेळा कागदावर लिहा. एक प्रत मुलांना पाठवा.
• सर्व औषधे, चिठ्ठी आणि इन्सुलिन हातातल्या बॅगेत ठेवा. सामानाच्या कप्प्यात इन्सुलिन गोठू शकते.
• गोळी घेतली की लगेच कागदावर खूण करा. झोप अपुरी असताना आठवणीवर भरवसा ठेवू नका.

गोळी घेतली की नाही अशी शंका आली, तर दुप्पट डोस घेऊ नका. कागद पाहा आणि तरीही शंका राहिली तर आपल्या डॉक्टरांना विचारा.