जवळीक आणि खात्री

आकुर्डीकरांना दुचाकीचा इतिहास सांगावयास नको. बजाज ऑटोची ‘चेतक’ स्कूटर १९७२ साली बाजारात आली आणि तिची किल्ली महाराष्ट्रातील कित्येक घरांच्या खुंटीवर लटकू लागली. २०२२ च्या जूनमध्ये आकुर्डीतील त्याच जुन्या जागी विजेवर चालणाऱ्या चेतकचा नवा कारखाना उघडला. तिची बिनतारी किल्ली खिशात असली की पुरे. लोखंडी किल्ली कुलपाला भिडावी लागे. किल्लीवाला दाराशी आहे याची ग्वाही तो स्पर्शच देई. आता ती ग्वाही लहरींवर सोपविली गेली आहे.

जवळच्या यंत्रांना तारेवाचून जोडणाऱ्या ‘ब्लूटूथ’ या पद्धतीचा इतिहास या दृष्टीने उद्बोधक आहे. स्वीडनच्या एरिक्सन कंपनीत १९९४ च्या सुमारास तिचा पाया घातला गेला. १९९८ साली पाच कंपन्यांनी संघ स्थापिला. नाव घेतले ते दहाव्या शतकातील एका डॅनिश राजाचे. दोन यंत्रांची ओळख पटविण्यास आरंभी परवलीचे काही अंक असत. पहारेकऱ्याचा परवलीचा शब्द कोणी चोरून ऐकावा, तसेच येथे झाले. इस्रायलमधील शाकेद आणि वूल या संशोधकांनी २००५ साली दाखविले की, ओळखीच्या वेळचे संभाषण टिपले तर चार अंकी परवल सेकंदाच्या आतच उलगडते. २००७ साली पद्धत सुधारली; उघड संभाषणातूनही गुप्त किल्ली सिद्ध करणारे गणित तीत आले.

तरीही एक प्रश्न उरला. परवल खरी; पण ती सांगणारा खरोखर जवळ आहे काय? २०२२ साली एका ब्रिटिश संस्थेच्या संशोधकाने मालकाच्या फोनचा संदेश मधल्या दोन यंत्रांकरवी टेस्ला मोटारीपर्यंत पोहोचविला आणि मोटार उघडली. गुप्त किल्ली त्याने फोडलीच नाही. केवळ निरोप्याचे काम केले. मोटारीने क्षीण लहरींनाच जवळिकीचा पुरावा मानले होते.

२०२४ च्या ब्लूटूथ आवृत्तीत यावर उपाय आला: लहरींच्या प्रवासावरून अंतर मोजणे. मात्र पूर्वी विकलेल्या गाड्यांना त्याचा लाभ आपोआप मिळत नाही. पाळीवर जाताना हप्त्यांवर घेतलेली गाडी फाटकाबाहेर लावणाऱ्या कामगाराला हा भेद पुस्तकी नव्हे. गाडी घेतानाच त्याने विचारावे: ही किल्ली मला ओळखते, की मी जवळ आहे हेही पडताळते?