निरोप धाडणारे मत

मिशिगनच्या डेमोक्रॅटिक मतदारांनी १६ मे १९७२ रोजी राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवारीसाठी ज्या माणसाला कौल दिला, तो त्या दिवशी इस्पितळात होता. आदल्या दिवशी मेरीलँडमधल्या लॉरेल इथे प्रचारसभेनंतर जॉर्ज वॉलेसवर गोळ्या झाडल्या गेल्या आणि त्याचे कमरेखालचे शरीर कायमचे लुळे पडले. मिशिगनमध्ये त्याला निम्म्याहून अधिक मते मिळाली. मेरीलँडही त्याच दिवशी त्याच्या पदरात पडले. पण हा निकाल नुसत्या सहानुभूतीचा नव्हता. मार्चमध्येच फ्लॉरिडात ४२ टक्के मते घेऊन त्याने हंफ्री, मस्की, मॅकगव्हर्न अशा नामांकित मंडळींना मागे टाकले होते.

वॉलेस हा अलाबामाचा गव्हर्नर, तरुणपणी मुष्टियोद्धा. १९५८ मध्ये तो गव्हर्नरपदाच्या उमेदवारीसाठी उभा राहिला आणि हरला. तेव्हा प्रतिस्पर्ध्याच्या मागे वर्णद्वेषी कू क्लक्स क्लान होती, तर वॉलेसला कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या एनएएसीपीचा पाठिंबा होता. त्या पराभवातून त्याने घेतलेला धडा भयंकर होता: यापुढे वर्णद्वेषाच्या बाबतीत कुणालाही आपल्यापुढे जाऊ द्यायचे नाही. जानेवारी १९६३ मध्ये शपथ घेताना त्याने वर्णविभाजन सदासर्वकाळ राहील अशी ग्वाही दिली. त्याच जूनमध्ये तो टस्कलूसाच्या विद्यापीठाच्या दारात, दोन कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांच्या वाटेत, आडवा उभा राहिला. ते दृश्य टीव्हीवरून घराघरांत पोहोचले.

असा माणूस दक्षिणेबाहेर चालणार नाही, हा पक्षनेत्यांचा होरा १९६४ च्या राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवारीच्या लढतीत विस्कॉन्सिनने खोटा ठरवला.

विस्कॉन्सिनचे नाव इथे महत्त्वाचे आहे. आपल्याकडे तिकीट पक्षश्रेष्ठी देतात. अमेरिकेतही पूर्वी ते पक्षातले मोजके पुढारीच ठरवत. त्यांच्या हातून हा अधिकार काढून सामान्य मतदाराला द्यावा म्हणून रॉबर्ट ला फॉलेटने याच राज्यात राज्यभरासाठी थेट प्रायमरीचा, म्हणजे पक्षाचा उमेदवार मतदारांनीच निवडण्याचा, कायदा आणला आणि १९०४ मध्ये लोकांनी त्याला सार्वमताने मान्यता दिली. साठ वर्षांनी त्याच दारातून वॉलेस आत आला. मिलवॉकीच्या दक्षिण भागात, जिथे पोलिश आणि सर्बियन वंशाची कामगार कुटुंबे राहत, तिथल्या सर्ब हॉलमध्ये त्याची सभा खच्चून भरली. राज्यात त्याला सुमारे ३४ टक्के मते पडली, पुढे मेरीलँडमध्ये जवळजवळ ४३. हे सगळे लिंडन जॉन्सनसारख्या पदावरच्या, लोकप्रिय राष्ट्राध्यक्षाच्या बाजूने उभ्या केलेल्या उमेदवारांविरुद्ध!

१९६८ मध्ये ह्युबर्ट हंफ्रीने एकही प्रायमरी न लढवता पक्षाची उमेदवारी मिळवली आणि शिकागोच्या अधिवेशनाबाहेर रस्त्यावर निदर्शकांचे रक्त सांडले. त्यानंतर पक्षाने नियम बदलण्यासाठी आयोग नेमला, प्रायमरींची संख्या वाढली. त्या आयोगाचा अध्यक्ष जॉर्ज मॅकगव्हर्न. चार वर्षांनी त्या नियमांचा फायदा त्याला झाला, तसाच वॉलेसलाही.

सभेत आधी कंट्री संगीत वाजे, मग वॉलेस बोले. ब्रीफकेस घेऊन फिरणारे सरकारी बाबू, न्यायाधीश, संपादक, ज्यांना सायकलसुद्धा सरळ लावता येत नाही असे प्राध्यापक, सगळ्यांवर तो तुटून पडे. विरोधक घोषणा देऊ लागले की त्याला चेव चढे. सभा संपल्यावर या, तुमच्या सँडलवर सही करून देतो, असे तो १९६८ मध्ये केस वाढवलेल्या तरुणांना सुनावत असे. समोरचा गिरणी कामगार, ट्रक ड्रायव्हर खूश होऊन टाळ्या पिटे. त्याच्या नजरेत हा उद्धटपणाच सचोटीचा पुरावा होता: ज्याला मोठी वर्तमानपत्रे शिव्या घालतात तो त्यांना विकला गेलेला नसणार. शिवाय प्रायमरीतल्या मताने सरकार बनत नाही. तिथे राग मोकळा करता येतो. ‘त्यांना निरोप धाडा’ ही १९७२ मधली वॉलेसची घोषणा नेमकी तिथे बसत होती.

राग कशाचा होता? महागाईचा, करांचा, व्हिएतनामचा. पण सर्वांत मोठा ‘बसिंग’चा. शाळांमधले वर्णविभाजन मोडण्यासाठी न्यायालये मुलांना बसने दुसऱ्या वस्तीतल्या शाळेत पाठवू लागली होती. डेट्रॉइटच्या खटल्यामुळे बसिंग आपल्यापर्यंत येईल म्हणून उपनगरांतले पालक धास्तावले होते. आपल्या मुलांवर प्रयोग करणाऱ्यांची स्वतःची मुले खासगी शाळांत जातात, ही त्यांची तक्रार अनेक ठिकाणी खरी होती. पक्षाचे उदारमतवादी नेते ती ऐकूनही घेत नव्हते आणि ही त्यांची मोठी चूक होती.

तरीही ही नुसती उपेक्षितांची कैफियत होती असे मांडणे म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या पडक्या शाळांत कोंडलेल्या कृष्णवर्णीय मुलांवर दुसऱ्यांदा अन्याय करणे होय. मिशिगनमधल्याच पाँटियाक शहरात ऑगस्ट १९७१ मध्ये शाळेच्या दहा बस बॉम्बने उडवल्या गेल्या. त्यासाठी क्लानच्या माणसांना शिक्षा झाली. वॉलेसने प्रत्येक तक्रारीला एक चेहरा दिला, तो काळा होता. त्याचे कसब त्यातच होते आणि त्याचे पापही.

उमेदवारी अखेर मॅकगव्हर्नला मिळाली. वॉलेसने मायामीच्या अधिवेशनात चाकाच्या खुर्चीतून भाषण केले. बसिंगविरोधाची त्याची मागणी फेटाळली गेली. नोव्हेंबरमध्ये रिपब्लिकन निक्सनने ४९ राज्ये जिंकली, त्यांत मिशिगनही होते.

चार वर्षांनी वॉलेस पुन्हा फ्लॉरिडात उतरला. या वेळी समोर जॉर्जियाचा शेंगदाणा शेतकरी जिमी कार्टर होता: दक्षिणेचाच, चर्चला जाणारा, वॉशिंग्टनच्या मंडळींपासून तितकाच लांबचा. त्याच्या प्रचाराचा रोख साधा होता: या वेळी निरोप नको, राष्ट्राध्यक्षच पाठवा. कार्टरला सुमारे ३४ टक्के मते मिळाली, वॉलेसला सुमारे ३१. जूनमध्ये वॉलेसने माघार घेतली आणि कार्टरला पाठिंबा दिला.