प्राइमरला भोक पडल्यास गोळीबार थांबवा

अनेक परवानाधारकांकडे .३२ बोअरची वडिलोपार्जित पिस्तुले आढळतात. वर्षानुवर्षे कपाटात राहिलेले असे शस्त्र सरावासाठी बाहेर काढल्यावर रिकाम्या पुंगळीच्या प्राइमरला बारीक भोक दिसल्यास तो किरकोळ दोष समजू नये.

नेमके काय घडते?
फायरिंग पिनच्या आघाताने प्राइमरच्या धातूच्या टोपीवर केवळ खळगा पडणे अपेक्षित असते. टोपीला भोक पडले, तर तप्त वायू मागे येतो व नेमबाजाच्या डोळ्यांना इजा होऊ शकते. शिवाय या झोताने पिनचे टोक झिजून खडबडीत होते आणि तेच टोक पुढील प्राइमरही फोडू लागते.

दोष कुठे?
रिकाम्या पुंगळ्या जपून ठेवून तपासाव्यात. प्राइमर चपटा होऊन कडेपर्यंत पसरला असल्यास काडतुसात दाब वाढल्याचा संशय घ्यावा. कडा गोलसर असून मध्यभागीच भोक असल्यास बहुधा पिन टोकदार, गंजलेली किंवा प्रमाणाबाहेर लांब असते. जुन्या प्राइमरमधील क्लोरेटमुळे मागे राहणारे क्षार ओलावा शोषतात. वेळीच सफाई न झाल्यास पिन गंजते.

काडतुसे पारखून घ्या
पिस्तुलाचे ‘.३२ एसीपी’ आणि रिव्हॉल्व्हरचे ‘.३२ एस अँड डब्ल्यू लाँग’ ही काडतुसे भिन्न आहेत. पहिल्याची पुंगळी सुमारे १७ मिलिमीटर, तर दुसऱ्याची सुमारे २३ मिलिमीटर लांब असते. पिस्तुलावर कोरलेले नाव खोक्यावरील नावाशी जुळवूनच खरेदी करावी. मॅगझिन भरताना वरच्या काडतुसाची कड खालच्याच्या मागे अडकणार नाही, हेही पाहावे. अन्यथा काडतूस पुढे सरकत नाही.

जुने काडतूस उडाले नाही, तर नळी सुरक्षित दिशेला धरून किमान एक मिनिट थांबावे. स्फोट उशिरा होऊ शकतो. आवाज क्षीण आल्यास गोळी नळीतच अडकलेली असू शकते. अशा वेळी पुढची गोळी झाडल्यास नळी फुटण्याचा धोका असतो.

दुरुस्ती कोणाकडून?
शस्त्र कायदा, १९५९ च्या कलम ५ नुसार व्यवसाय म्हणून शस्त्रदुरुस्ती करण्यासाठीही परवाना आवश्यक आहे. त्यामुळे घरी पिन घासण्याचा प्रयोग टाळून पिस्तूल आणि पुंगळ्या, दोन्ही परवानाधारक कारागिराला दाखवाव्यात. पुंगळी पाहिल्याखेरीज त्यालाही दोषाचे मूळ सांगणे कठीण जाते.